शाळा सुटल्यानंतरचे तास आणि त्यांचे मोजमाप

शाळा सुटल्यापासून घरातील मोठी माणसे कामावरून परत येईपर्यंतचा जो दोन-तीन तासांचा मोकळा वेळ आज मुलांच्या वाट्याला येतो, तो औद्योगिक शहरांनी निर्माण केलेला आहे. शेतीवर किंवा घरच्या व्यवसायावर जगणाऱ्या कुटुंबात मूल शाळेतून आले की गुरांमागे, मागावर किंवा दुकानात कामाला लागे आणि त्याच्यावर कोणा ना कोणाची नजर असे. कामाची जागा घरापासून तुटली, बालमजुरीवर कायद्याची बंधने आली आणि शालेय शिक्षण सक्तीचे झाले, तेव्हा प्रथमच मुलांचा एक मोठा वर्ग रोज काही तास ना शाळेच्या, ना घराच्या, ना मालकाच्या ताब्यात राहू लागला. शहरातील सुखवस्तू वर्गाला हा वेळ रिकामा आणि म्हणूनच धोक्याचा वाटला. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात हार्टफर्ड येथे १८६० मध्ये काही स्त्रियांनी रस्त्यावर भटकणाऱ्या मुलग्यांसाठी पहिला क्लब काढला, १८८९ मध्ये जेन ॲडम्स यांनी शिकागोत ‘हल हाउस’ हे वस्तीकेंद्र, म्हणजे सुशिक्षित कार्यकर्त्यांनी गरीब वस्तीतच राहून चालवलेले सेवाकेंद्र, सुरू केले, आणि १९०६ पर्यंत मुलग्यांचे असे क्लब इतके वाढले होते की त्यांचा एक राष्ट्रीय संघ बॉस्टनमध्ये स्थापन झाला.

या संस्थांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. त्यांच्या मूल्यमापनाचा इतिहास त्यामानाने कमी परिचित आहे. मूल्यमापन म्हणजे संस्थेच्या वार्षिक अहवालातील उपस्थितीचे आकडे किंवा कृतज्ञ पालकांची पत्रे नव्हेत. उपक्रम नसता तर त्याच मुलांचे काय झाले असते, या प्रश्नाचे पुराव्यानिशी दिलेले उत्तर म्हणजे मूल्यमापन, आणि जे घडलेच नाही त्याच्याशी तुलना करायची असल्यामुळे हा प्रश्न मुळातच अवघड आहे. परंतु या इतिहासात आणखी एक गोष्ट सतत दिसते. ‘काय झाले’ म्हणजे नेमके काय मोजायचे, हे मुलांच्या त्या तासांवरून क्वचितच ठरले. ज्याने पैसा दिला त्याच्या काळजीवरून ते ठरत गेले. आधी ती काळजी बालगुन्हेगारीची होती, पुढे परीक्षेतील गुणांची झाली आणि मापदंड तिच्यामागोमाग सरकत राहिले.

मुलग्यांच्या क्लबांचे समर्थक विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत एकच दावा करीत असत, तो म्हणजे क्लब आला की वस्तीतील बालगुन्हे कमी होतात. या दाव्याची पहिली गंभीर तपासणी समाजशास्त्रज्ञ फ्रेडरिक थ्रॅशर यांच्या हातून झाली. शिकागोतील १,३१३ टोळ्यांच्या पाहणीवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला होता; त्यानंतर न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वतीने त्यांनी न्यूयॉर्कच्या दाट वस्तीतील एका मोठ्या क्लबचा काही वर्षे अभ्यास केला आणि १९३६ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. क्लबमुळे गुन्हे घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट सभासद मुलांमध्ये गुन्ह्यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले. याचा अर्थ क्लब मुलांना बिघडवत होता असा होत नाही. रस्त्यावर अधिक वेळ काढणारी, मुळातच अडचणीत असलेली मुले क्लबकडे अधिक ओढली जात असतील, तर सभासद आणि बिगरसभासद यांची तुलना आरंभापासूनच विषम ठरते. संशोधनाच्या परिभाषेत याला निवडीचा दोष म्हणतात. तो उलट्या दिशेनेही काम करतो, कारण जिथे जागरूक पालकच मुलांना उपक्रमात घालतात तिथे उपक्रमाचे श्रेय पालकांच्या जागरूकतेतून उसने घेतलेले असते.

मराठी वाचकाला हा दोष आपल्या परंपरेतही सहज ओळखता येईल. तालमीने, सेवादलाच्या शाखेने किंवा कथामालेने आपल्याला घडवले अशी साक्ष मराठी आत्मचरित्रांत जागोजागी सापडते. ती साक्ष खोटी मानण्याचे कारण नाही, पण तालमीने ज्यांना घडवले नाही ते आत्मचरित्र लिहायला बसत नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

निवडीच्या दोषावरचा उपाय बॉस्टनच्या एका वैद्याने सुचवला. रिचर्ड क्लार्क कॅबट हे हार्वर्डमध्ये वैद्यकाचे आणि पुढे सामाजिक नीतिशास्त्राचे प्राध्यापक होते. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९०५ साली रुग्णांच्या घरच्या परिस्थितीची चौकशी करणारे समाजकार्यकर्ते नेमण्याची प्रथा त्यांनीच सुरू केली होती. पण त्यांचा खरा पिंड संशयाचा होता. १९१२ मध्ये त्यांनी तीन हजार शवविच्छेदनांचे अहवाल घेऊन ते रुग्ण जिवंत असताना डॉक्टरांनी केलेल्या निदानांशी ताडून पाहिले आणि नामांकित डॉक्टरांचीही निदाने कितीदा चुकतात हे उघड केले. व्यवसायबंधूंना ते अर्थातच रुचले नाही. हीच वृत्ती त्यांनी समाजकार्याकडे वळवली. १९३१ च्या राष्ट्रीय समाजकार्य परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी कार्यकर्त्यांना आवाहन केले, की श्रद्धा, ठाम विधाने आणि निवडक उदाहरणे यांपलीकडच्या एखाद्या आधारावर आपल्या कामाचे फळ मोजून दाखवावे.

हे आवाहन करून ते थांबले नाहीत. बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिज आणि सोमरव्हिल या दोन कामगारवस्तीच्या गावांत त्यांनी १९३५ मध्ये एक अभ्यास उभा केला आणि त्याचा खर्च आपल्या दिवंगत पत्नीच्या नावाच्या निधीतून चालवला. शाळा, पोलीस आणि कल्याणसंस्था यांच्याकडून ‘अवघड’ मुलांची नावे मागवली गेली, आणि मुलांवर शिक्का बसू नये म्हणून त्यांत ‘सामान्य’ मुलेही मिसळली गेली. मग वय, बुद्धी, घरची स्थिती, वस्ती आणि पुढे गुन्हेगारीकडे वळण्याची शक्यता यांबाबत शक्य तितके सारखे असलेले दोन-दोन मुलगे निवडून ३२५ जोड्या लावल्या गेल्या. प्रत्येक जोडीतील कोणाला मदत द्यायची हे नाणे उडवून ठरवण्यात आले. एकाला सल्लागार मिळाला, दुसऱ्याला काहीच मिळाले नाही. तो तुलनागटात गेला. यालाच यादृच्छिक विभागणी म्हणतात. जोडीतील निवड कार्यकर्त्याच्या, पालकाच्या किंवा मुलाच्या मर्जीवर न सोडता निव्वळ योगायोगावर सोडल्याने दोन्ही गट सरासरीने सारखे राहतात आणि पुढे दिसणारा फरक उपक्रमाचाच मानता येतो. सामाजिक क्षेत्रातील इतका मोठा आणि इतका दीर्घ असा हा बहुधा पहिलाच प्रयोग होता. नाणेफेकीची ही कल्पना आजही अनेकांना निर्दय वाटते, पण सर्वांना पुरेल इतकी मदत उपलब्ध नसताना ओळखीपाळखीने वाटप करण्यापेक्षा ती अधिक न्याय्य आहे, ही बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

मदतीचे स्वरूप मोकळेढाकळे होते. सल्लागार सरासरी महिन्यातून दोनदा मुलाच्या घरी जाई, अभ्यासात मागे पडलेल्यांना शिकवणी मिळे, डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे नेले जाई, उन्हाळी शिबिरांत पाठवले जाई, बालवीर पथकाशी किंवा वायएमसीएशी जोडून दिले जाई. कॅबट १९३९ मध्ये वारले. युद्धकाळात सल्लागार आणि मोठी झालेली मुले सैन्यात जाऊ लागली, काही जोड्या वगळाव्या लागल्या, आणि १९४५ मध्ये काम थांबले तेव्हा २५३ जोड्या, म्हणजे ५०६ मुलगे, हिशेबात उरले होते. प्रत्येक मुलाला मिळालेली मदत सरासरी साडेपाच वर्षांची होती. एडविन पॉवर्स आणि हेलन विटमर यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने पहिला निष्कर्ष दिला, तो असा की मदत मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांच्या गुन्ह्यांत दखल घेण्याजोगा फरक नाही. स्वतः सल्लागारांना मात्र बहुतेक मुलांचा फायदा झाला असेच वाटत होते.

या अभ्यासाचे पुढचे पर्व अधिक अस्वस्थ करणारे आहे. संशोधक जोन मॅकॉर्ड यांनी १९७५ पासून या मुलग्यांचा, जे आता मध्यमवयीन पुरुष झाले होते, न्यायालयीन नोंदी, रुग्णालयांची दप्तरे आणि मृत्यूच्या नोंदी यांच्या साहाय्याने शोध घेतला. १९७८ मध्ये त्यांचा तीस वर्षांनंतरचा अहवाल प्रसिद्ध झाला. मदत मिळालेल्यांपैकी ज्यांनी प्रश्नावलीला उत्तरे दिली, त्यांतील सुमारे दोन तृतीयांश पुरुषांनी त्या उपक्रमाचा आपल्याला उपयोग झाला असे सांगितले. सल्लागारांची आठवण ते आपुलकीने काढत होते. परंतु नोंदी वेगळेच सांगत होत्या. गुन्हा केलेल्यांची संख्या दोन्ही गटांत जवळपास सारखी होती, पण एकदा गुन्हा केल्यावर पुन्हा करणे, मद्यासक्ती, गंभीर मानसिक आजार, ताणाशी निगडित व्याधी, लवकर मृत्यू आणि कमी प्रतिष्ठेचा व्यवसाय या बाबतींत मदत मिळालेला गटच अधिक वाईट स्थितीत होता. ज्यांना मदत जास्त काळ आणि जास्त प्रमाणात मिळाली त्यांची स्थिती आणखी वाईट होती.

कारणांबाबत मॅकॉर्ड यांनी अनेक तर्क मांडले. बाहेरच्या माणसावर अवलंबून राहण्याची सवय लागली असेल. सल्लागाराच्या मध्यमवर्गीय अपेक्षांनी मुलांच्या आकांक्षा वाढल्या आणि नंतर त्यांचा विरस झाला असेल. आपल्याला मदत लागते म्हणजे आपल्यात काहीतरी उणे आहे अशी समजूत मुलांनी करून घेतली असेल. १९९९ मध्ये टॉमस डिशियन आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी एक वेगळा धागा पुढे आणला. एकाहून अधिक वेळा उन्हाळी शिबिरांना गेलेल्या मुलांत नुकसान सर्वांत ठळक होते, यावरून देखरेखीची सैल चौकट आणि एकत्र आणलेली उनाड मुले यांच्या संयोगातून मुले एकमेकांना बेशिस्तच शिकवतात, असा हा तर्क होता. युवक-उपक्रम चालवणाऱ्या कोणालाही हा तर्क सहजासहजी पचणारा नाही, कारण असे बहुतेक सर्व उपक्रम ‘त्यांना एकत्र आणा’ या एकाच गृहीतकावर उभे आहेत. २०१९ मध्ये ब्रँडन वेल्श आणि सहकाऱ्यांनी उपक्रम संपल्यानंतर सात दशकांनी मृत्यूंच्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा आयुर्मानातील फरक अखेरपर्यंत टिकलेला दिसला नाही. म्हणजे मध्यमवयातील हानीचे चित्रही शेवटचे नव्हते. एका मूल्यमापनाला तीन वेगवेगळ्या वयांत तीन वेगवेगळी उत्तरे मिळावीत, ही गोष्ट वर्षभरात अहवाल मागणाऱ्या देणगीदारांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

थ्रॅशर आणि कॅबट यांच्याच काळात शिकागोची वस्तीकेंद्राची कल्पना मुंबईत आली होती. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट १९२५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी मुंबईला आले आणि गिरण्या, गोदी आणि रेल्वे यांच्या कामगारांनी गजबजलेल्या नागपाड्यात त्यांनी ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ उभारले. मुलांसाठी खेळ, वाचनालय आणि वर्ग, मोठ्यांसाठी व्याख्याने आणि आरोग्यकेंद्र असा त्याचा विस्तार होता. त्यातूनच १९३६ मध्ये ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ ही समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था नागपाड्यातच सुरू झाली, जिचे नाव १९४४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था झाले. वस्तीत राहून काम करण्याची रीत, वस्तीची पाहणी, एकेका कुटुंबाचा तपशीलवार अभ्यास ही सर्व साधने मुंबईला या मार्गाने लाभली. कॅबट यांचे नाणे मात्र बोटीतून उतरले नाही. शहरातील मुलांच्या एखाद्या उपक्रमावर मोठ्या प्रमाणात यादृच्छिक चाचणी होण्यास साठ-पासष्ट वर्षे जावी लागली, आणि ती समाजकार्याच्या नव्हे, तर अर्थशास्त्राच्या वाटेने आली.

अमेरिकेतही मॅकॉर्ड यांच्या अहवालानंतरची काही वर्षे निराशेची होती. १९९० च्या सुमारास विचाराची दिशा बदलली आणि ‘युवाविकास’ ही संज्ञा रूढ झाली. तरुणाला केवळ गुन्हा, व्यसन आणि अकाली मातृत्व यांपासून दूर ठेवणे पुरेसे नाही. कौशल्ये, विश्वासाची मोठी माणसे आणि निर्णयात सहभाग त्याला मिळायला हवा, असे या विचाराचे सार होते. हा विचार मोजायचा कसा, याचे एक समाधानकारक उत्तर १९९५ मध्ये मिळाले. ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही १९०४ पासूनची परंपरा सांगणारी संस्था एकेका मुलाला एक प्रौढ स्वयंसेवक मित्र जोडून देते, आणि तिच्याकडे नेहमीच प्रतीक्षायादी असे. जोसेफ टियर्नी, जीन ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी आठ शहरांतील १० ते १६ वयाच्या ९५९ मुलांपैकी अर्ध्यांना लगेच आणि उरलेल्यांना अठरा महिन्यांनी मित्र देण्याची व्यवस्था केली. कोणालाही कायमचे नाकारले गेले नाही. दीड वर्षाअखेर मित्र मिळालेल्या मुलांत अमली पदार्थ प्रथम घेण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी आणि मद्य प्रथम घेण्याचे २७ टक्क्यांनी कमी आढळले. पुढे २००२ मध्ये याच माहितीच्या पुनर्विश्लेषणातून दिसले, की ज्यांची मैत्री वर्षभर किंवा अधिक टिकली त्यांनाच मुख्यतः फायदा झाला, तर तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या मैत्रीने मुलांचा आत्मविश्वास खालावला. मित्र देऊन काढून घेणे हे मित्र न देण्याहून वाईट ठरू शकते.

यानंतर या क्षेत्रात सरकार उतरले आणि मापदंड पुन्हा बदलला. मिशिगनमधील फ्लिंट येथे मोटारउद्योगातील धनिक चार्ल्स स्टुअर्ट मॉट यांनी १९३५ मध्ये शाळांच्या इमारती संध्याकाळी मुलांसाठी खुल्या ठेवण्यास पैसे दिले होते. त्यांच्याच प्रतिष्ठानाने नव्वदच्या दशकात केंद्र सरकारच्या ‘एकविसाव्या शतकाची सामुदायिक शिक्षणकेंद्रे’ या योजनेला हात दिला. १९९४ च्या कायद्याने जन्मलेल्या या योजनेची मूळ कल्पना शाळेची इमारत साऱ्या वस्तीला वापरू द्यावी अशी होती. दुपारी तीन ते सहा या वेळात अल्पवयीनांचे हिंसक गुन्हे सर्वाधिक होतात हा पोलिसी नोंदींतून निघालेला निष्कर्ष तोवर राजकीय भाषणांत पोहोचला होता. कामावर जाणाऱ्या आयांची संख्याही वाढली होती. १९९८ मध्ये चार कोटी डॉलरचा असलेला हा निधी २००२ मध्ये सुमारे शंभर कोटींवर गेला. त्याच वर्षी लागू झालेल्या नव्या शिक्षणकायद्याने योजनेचे उद्दिष्ट मागे पडलेल्या मुलांची शैक्षणिक प्रगती हे ठरवून टाकले.

मॅथमॅटिका या संशोधनसंस्थेने केलेल्या राष्ट्रीय मूल्यमापनाचा पहिल्या वर्षाचा अहवाल फेब्रुवारी २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राथमिक शाळांत त्याची पद्धत यादृच्छिक होती. माध्यमिक स्तरावर मात्र उपक्रमात येणाऱ्या मुलांसारखीच इतर मुले शोधून तुलना केली होती. वाचनाच्या गुणांत फरक नाही, गृहपाठ पूर्ण करण्यात फरक नाही, असे निष्कर्ष एकामागून एक आले. २००५ च्या अंतिम अहवालात प्राथमिक शाळेतील मुलांना शाळेनंतर अधिक सुरक्षित वाटते असे दिसले, पण शाळेतून तात्पुरते निलंबित होण्याचे प्रमाण त्यांच्यात थोडे अधिक होते. केंद्रात जाण्याने मुलांचे एकटे राहणेही कमी झाले नव्हते. आई-वडिलांच्या किंवा भावंडांच्या जागी केंद्रातील प्रौढ आले, एवढेच. माध्यमिक शाळेतील मुले सरासरीने आठवड्यातून जेमतेम एक दिवस येत होती, आणि तेवढ्या हजेरीवर गणिताचे गुण वाढतील अशी अपेक्षा कोणी का करावी हा साधा प्रश्न होता.

पण अहवाल निघाला त्याच दिवसांत अध्यक्ष बुश यांच्या अंदाजपत्रकाने योजनेचा निधी शंभर कोटींवरून साठ कोटी डॉलरवर आणण्याचा प्रस्ताव मांडला, आणि त्याला आधार या अहवालाचा दिला. अभ्यासाच्या तांत्रिक सल्लागारांपैकीच काही जणांनी जाहीर हरकत घेतली. प्राथमिक केंद्रांचा नमुना देशाचे प्रतिनिधित्व करीत नाही आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या उपक्रमांच्या पहिल्या वर्षावरून निकाल देणे चूक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अभिनेते अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी आदल्याच वर्षी कॅलिफोर्नियात अशा उपक्रमांच्या निधीसाठी जनमताचा ठराव मंजूर करून घेतला होता. ते सिनेटच्या समितीपुढे साक्षीला गेले. काँग्रेसने कपात फेटाळली. या वादात शास्त्रीय पद्धतीच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ शाई खर्च झाली, पण सर्वांत समंजस नोंद अर्थतज्ज्ञ टॉमस केन यांची होती. त्यांनी २००४ मध्ये चार मूल्यमापनांची एकत्र छाननी करून दाखवले, की वर्गात पूर्ण वर्षभर शिकवल्यावर मुलांचे गुण जितके वाढतात त्याच्याशी ताडून पाहिले तर आठवड्यातील काही तासांकडून होणारी अपेक्षाच अवास्तव होती, आणि जो लहान परिणाम शक्य होता तो पकडण्याइतके हे अभ्यास मोठे नव्हते. २०१७ मध्ये हाच प्रसंग पुन्हा घडला. मुलांची शालेय प्रगती होते याचा पुरावा नाही असे सांगून ट्रम्प प्रशासनाने योजना संपूर्ण बंद करण्याचा प्रस्ताव दिला आणि काँग्रेसने पुन्हा निधी चालू ठेवला. मूल्यमापनाने योजना बंद पडली नाही आणि वाचलीही नाही. तिला वाचवले ते संध्याकाळी सहापर्यंत कामावर असणाऱ्या मतदारांनी, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

संशोधकांनी या वादातून निराळा बोध घेतला. जोसेफ डर्लाक आणि रॉजर वाइसबर्ग यांनी २००७ मध्ये, आणि मोली पॅचन यांच्यासह २०१० मध्ये, उपलब्ध अभ्यासांचे संकलित विश्लेषण केले. अनेक स्वतंत्र अभ्यासांचे निष्कर्ष एका मापात आणून त्यांची सरासरी काढण्याची ही पद्धत आहे. २०१० च्या लेखात ६९ उपक्रम होते. त्यांची एकत्रित सरासरी फसवी ठरली, कारण काही उपक्रमांचा परिणाम ठसठशीत होता आणि बाकीच्यांचा जवळपास शून्य. ज्या उपक्रमांत कौशल्ये पायरीपायरीने शिकवली जात, मुलांच्या हाताला काम असे, त्यासाठी वेळ राखून ठेवलेला असे आणि काय शिकवायचे हे स्पष्ट असे, त्यांचाच उपयोग दिसत होता. ‘चालतो की नाही’ या प्रश्नाची जागा ‘कोणता चालतो आणि का’ या प्रश्नाने घेतली. मिशिगनमधील हायस्कोप संस्थेत चार्ल्स स्मिथ यांनी केंद्रात बसून निरीक्षण करण्याची एक पद्धत विकसित केली. मुलाचे नाव घेऊन स्वागत होते का, चूक झाल्यावर कार्यकर्ता काय म्हणतो, खेळाचे नियोजन मुलांकडे सोपवले जाते का, अशा बाबींना त्यात गुण दिले जात. या निरीक्षणातून सुधारणा होते का, हेही ८७ केंद्रांत यादृच्छिक पद्धतीने तपासले गेले. त्या तासांत प्रत्यक्ष काय घडते याकडे मोजपट्टी वळायला थ्रॅशर यांच्यानंतर सत्तर वर्षे लागली, आणि तेही सरकारने नव्हे, विल्यम टी. ग्रँट प्रतिष्ठानासारख्या खाजगी दात्याने पैसा दिल्यावर घडले.

भारतात यादृच्छिक चाचणीच्या या परंपरेची गाठ मुंबई महानगरपालिकेच्या शाळांशी पडली. १९९४-९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने पुढे बालसखी हा उपक्रम आखला. त्यात वस्तीतील माध्यमिक शिक्षण झालेली तरुणी महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मानधनावर, तिसरी-चौथीत मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन अक्षरओळख आणि अंकओळख शिकवी. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डफ्लो आणि ली लिंडन यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथे त्याची चाचणी घेतली. अर्ध्या शाळांत एका इयत्तेला आणि उरलेल्या शाळांत दुसऱ्या इयत्तेला बालसखी दिल्याने कोणतीच शाळा रिकाम्या हाताने परतली नाही आणि तुलनागटही आपोआप तयार झाला. गुणांची वाढ पहिल्या वर्षी प्रमाण विचलनाच्या ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ इतकी झाली. प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप. ही वाढ बालसखीकडे गेलेल्या मुलांची होती. ती गेल्यामुळे वर्गातील गर्दी कमी होऊनही मागे राहिलेल्यांना विशेष लाभ दिसला नाही. वर्ष उलटल्यावर मात्र वाढीचा बराच भाग विरून गेला.

बालसखीचे तास शाळेच्या वेळेतलेच होते. शाळेच्या वेळेबाहेरचा प्रयोग ‘प्रथम’ने उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ मध्ये केला, आणि २८० गावांच्या त्या अभ्यासातील ६५ गावांत स्थानिक तरुणांना वाचन शिकवण्याचे थोडे प्रशिक्षण देऊन मुलांची वाचनशिबिरे भरवायला सांगितले. तरुण पुढे आले, शिबिरेही भरली. जी मुले नियमित आली त्यांचा फायदा थक्क करणारा होता. ज्यांना सुरुवातीला एकही अक्षर ओळखता येत नव्हते त्यांतील बहुसंख्य वर्षाअखेर अक्षरे ओळखू लागली. पण शिबिरांना गावातील मुलांपैकी सुमारे आठ टक्केच मुले आली, आणि अजिबात वाचता न येणाऱ्यांमध्येही हे प्रमाण फारसे अधिक नव्हते. स्वेच्छेच्या वेळेत गरजू मूल स्वेच्छेने येईलच असे नाही, ही अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या हजेरीने दाखवलेली अडचण इथे अधिक तीव्र स्वरूपात पुढे आली.

यानंतर दोन वाटा फुटल्या. दिल्लीत २०१५ मध्ये कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहान्द्रो गानिमियन यांनी शाळेनंतरच्या संगणक-केंद्रांची सोडत पद्धतीने चाचणी केली. ६१९ विद्यार्थ्यांच्या त्या अभ्यासात सोडत लागलेल्या मुलांची सरासरी हजेरी ५८ टक्के होती, आणि प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीवरचे प्रश्न देणाऱ्या त्या केंद्रांनी साडेचार महिन्यांत गणितात प्रमाण विचलनाच्या ०.३७ आणि हिंदीत ०.२३ इतकी वाढ दाखवली. ‘प्रथम’ने मात्र जौनपूरच्या हजेरीचा विचार करून दुसरी वाट धरली. आधी बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना घेऊन उन्हाळी शिबिरे झाली, आणि २०१३-१४ मध्ये उत्तर प्रदेशात संस्थेच्या कार्यकर्त्यांनी दहा किंवा वीस दिवसांच्या टप्प्यांनी शिबिरे भरवली. ती शाळेच्या इमारतीत, शाळेच्याच वेळेत आणि सर्व मुलांना पातळीनुसार गटांत बसवून घेण्यात आली, आणि चाचण्यांत त्यांचा परिणाम आधीच्या कोणत्याही प्रयोगापेक्षा मोठा निघाला. शाळा सुटल्यानंतरचा वेळ या आराखड्यात उरला नव्हता.